चष्म्यासोबत चालणारा सीपॅप मास्क कसा निवडावा

प्रश्न थोडक्यात असा: स्लीप अ‍ॅप्नियासाठी (झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याच्या आजारासाठी) डॉक्टरांनी सीपॅप मशीन, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासमार्ग खुला ठेवणारं यंत्र, सुरू केलं आहे आणि सोबत नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क दिला आहे. झोपण्याआधी अर्धा-पाऊण तास वाचायची जुनी सवय आहे. मास्क लावला की चष्मा नाकावर बसत नाही. कसाबसा बसवला तर काचांवर वाफ धरते आणि मास्कच्या कडेतून हवा डोळ्यांवर येते. म्हणून वाचन संपल्यावर मास्क लावायचं ठरवलं, तर वाचता वाचताच डोळा लागतो आणि मास्क उशाशी पडून राहतो. चष्म्यासोबत चालेल असा मास्क आहे का?

आहे, आणि एकापेक्षा जास्त आहेत. नाकाच्या दांड्याला कुठेही न टेकता नाकाच्या खालून बसणारा मास्क बघा. रात्रभर नाकाने श्वास चालत असेल तर नेझल पिलो किंवा नेझल क्रेडल, आणि झोपेत तोंड उघडं राहत असेल तर नाकाखालून बसणारा फुल फेस, म्हणजे नाक-तोंड दोन्हींना हवा देणारा मास्क. मात्र यातला कोणता घ्यायचा हे तुमच्या श्वासावरून ठरवा. चष्म्याचा विचार त्यानंतर.

आमच्या स्लीप लॅबमध्ये (झोपेच्या तपासणीच्या केंद्रात) मास्क बसवून घ्यायला येणारी माणसं हा प्रश्न बहुधा निघता निघता, जरा संकोचून विचारतात. उपचाराच्या मानाने चष्मा म्हणजे किरकोळ बाब, असं त्यांना वाटतं. मला ती किरकोळ वाटत नाही. सीपॅप सुरू झाल्यावरचे पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक असतात. चेहऱ्यावरच्या वस्तूची आणि आत येणाऱ्या हवेची सवय जागेपणीच लावायची असते, म्हणून आम्ही सांगतो की संध्याकाळी वाचताना किंवा टीव्ही बघताना मास्क लावून बसा. आता ज्याला चष्म्याशिवाय अक्षर दिसत नाही, त्याने हा सराव कसा करायचा? चष्मा काढून मास्क लावला की धूसर अंधारात नुसतं मशीनकडे लक्ष देत पडून राहायचं. मास्कमध्ये गुदमरल्यासारखं वाटण्याची भीती ज्यांना असते, त्यांची ती भीती अशा वेळी वाढते. मोठा नंबर असलेल्यांना तर हे फार जाणवतं. चष्म्याची अडचण सुटली की वाचनाचा तो अर्धा तास आपोआप सरावाचा होतो, आणि पुस्तक हातात असताना डोळा लागला तरी मास्क चेहऱ्यावर असतो.

आता अडचण नेमकी कुठे होते ते बघू. चष्म्याचा सगळा भार तीन जागी असतो: नाकाच्या दांड्यावर टेकणारे दोन नोजपॅड आणि दोन्ही कानांमागे काड्यांची टोकं. पारंपरिक नेझल (फक्त नाक झाकणारा) मास्क आणि पारंपरिक फुल फेस मास्क या दोन्हींचं त्रिकोणी कुशन वर जिथे संपतं, ती जागा म्हणजे नेमका नाकाचा दांडा. एकाच जागेवर दोन वस्तू बसू शकत नाहीत. चष्मा वरून दाबला की कुशनची वरची कड मुडपते आणि तिथून हवा निसटते. ही हवा सरळ डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांकडे जाते. ह्युमिडिफायरमुळे ती दमट असते, म्हणून काचेवर वाफ धरते. काही मास्कना कपाळावर आधार देणारी उभी दांडी असते, तिच्यामुळे चष्मा घालणं जवळजवळ अशक्यच होतं. त्याशिवाय मास्कचे पट्टे गालावरून कानाकडे जातात तेव्हा चष्म्याच्या काड्यांना छेद देतात. ही अडचण मात्र लहान आहे. ती नीट लावण्याने सुटते, तिच्यासाठी मास्क बदलावा लागत नाही.

नाकाखालून बसणाऱ्या मास्कचे तीन प्रकार आहेत.

पहिला नेझल पिलो. दोन मऊ सिलिकॉनच्या लहान चोची नाकपुड्यांच्या तोंडाशी बसतात. रेसमेडचा एअरफिट पी10 किंवा फिशर अँड पायकेलचा ब्रेव्हिडा ही याची परिचित उदाहरणं. चेहऱ्यावरचा सगळ्यात कमी भाग व्यापणारा प्रकार हाच, त्यामुळे चष्म्यासाठी सर्वांत सोयीचाही. दाट मिशी असलेल्यांना मी बहुतेक वेळा हाच आधी लावून बघायला सांगतो, कारण हवाबंदपणा नाकपुडीपाशीच मिळतो, वरच्या ओठावर अवलंबून राहावं लागत नाही. तोटा म्हणजे सुरुवातीला नाकपुड्या हुळहुळतात आणि दाब जास्त असेल तर हवेचा झोत थेट नाकात शिरल्यासारखा वाटतो. सीपॅपचा दाब साधारण 4 ते 20 सेंटिमीटर पाणी (दाब मोजण्याचं एकक) एवढ्या मर्यादेत असतो. त्यातल्या वरच्या टोकाकडे दाब असणाऱ्यांपैकी काहींना पिलो सहन होत नाहीत. काहींना मात्र व्यवस्थित सहन होतात, म्हणून केवळ आकडा बघून हा प्रकार बाद करू नका. हुळहुळणं थांबतच नसेल तर पिलोचा आकार चुकला असण्याची शक्यता मोठी. लहान पिलो नाकपुडीत जास्त आत घुसते आणि टोचते.

दुसरा नेझल क्रेडल. यात चोची नसतात. नाकाच्या खालच्या बाजूला टेकणारं एक कुशन असतं आणि नाकपुड्यांखाली त्याला उघडं तोंड असतं. एअरफिट एन30, फिलिप्सचा ड्रीमवेअर नेझल, फिशर अँड पायकेलचा इव्होरा हे या जातीतले. पिलोने टोचतं अशी तक्रार असलेल्यांना हा मऊ वाटतो. दाट मिशीवर मात्र तो नीट बसेलच असं नाही, आणि नाकाचा शेंडा खाली झुकलेला असेल तर आकार निवडताना जास्त वेळ द्यावा लागतो.

तिसरा प्रकार नाकाखालून बसणारा फुल फेस, ज्याला बरेच जण हायब्रिड म्हणतात: एअरफिट एफ30 आणि एफ30आय, ड्रीमवेअर फुल फेस, अमारा व्ह्यू, इव्होरा फुल. तोंड पूर्ण झाकलं जातं, नाकपुड्यांना खालून हवा मिळते आणि दांडा मोकळा राहतो. प्रश्नातल्या माणसाकडे फुल फेस मास्क आहे, म्हणजे त्याच्यासाठी सर्वांत जवळची अदलाबदल हीच. पण हा प्रकार मापाच्या बाबतीत फार चोखंदळ आहे. गळती बहुतेक वेळा नाकपुडीच्या बाहेरच्या कोपऱ्यांतून होते, आणि एक माप लहान पडलं तर नाकाच्या शेंड्याखाली लाल होतं. दाब जास्त असणाऱ्यांमध्ये आणि जबडा खूप सैल सोडणाऱ्यांमध्ये जुन्या पद्धतीचा, दांड्यावर बसणारा मास्क अनेकदा जास्त चांगला टिकतो. तसं असेल तर तोच ठेवावा. अशांनी चष्म्याची सोय दुसऱ्या मार्गाने करायची, ती पुढे सांगतो.

त्याआधी एक मूळ शंका विचारायला हवी: फुल फेस मास्क खरंच लागतो का? अनेकांना तो पहिल्या दिवसापासून मिळतो, कारण ‘मी तोंडाने श्वास घेतो’ असं ते सांगतात. पण उपचार न झालेल्या अ‍ॅप्नियात श्वास कोंडला की माणूस तोंड उघडून हवा ओढतोच. सीपॅपने मार्ग खुला राहू लागला की पुष्कळांचं तोंड आपोआप मिटलेलं राहतं. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही तोंड झाकणाऱ्या मास्कपेक्षा नाकाच्या किंवा नाकपुडीतल्या मास्कला सर्वसाधारणपणे पसंती दिली आहे. फुल फेस मास्कमध्ये खालच्या पट्ट्याचा ताण जबड्याला मागे ढकलतो, तोंडातून शिरणारी हवा जीभ आणि टाळू मागे रेटू शकते, त्यामुळे काहींना जास्त दाब लागतो. शिवाय मोठं कुशन म्हणजे गळतीला मोठी कड. तेव्हा नाक मोकळं असेल, किंवा औषधाने मोकळं करता येत असेल, तर नाकाचा मास्क लावून बघण्याबद्दल डॉक्टरांशी जरूर बोला. चष्म्याची अडचण सुटेल आणि उपचारही सुधारू शकेल. नाकाचं हाड फार वाकडं असेल, पॉलिप (नाकातल्या मऊ गाठी) असतील किंवा अ‍ॅलर्जीने नाक कायम चोंदलेलं असेल, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. चोंदलेल्या नाकावर पिलो लावून रात्रभर झगडण्यात काही अर्थ नाही.

नळी कुठे जोडली आहे यालाही चष्म्याच्या दृष्टीने महत्त्व आहे. समोर नळी असलेल्या मास्कमध्ये ती छातीवर येते आणि पुस्तक धरताना हाताला लागते. ड्रीमवेअर, एफ30आय, एन30आय, पी30आय यांच्यात नळी डोक्याच्या माथ्यावर जोडतात आणि हवा गालांवरून जाणाऱ्या दोन मऊ नळ्यांतून खाली येते. वाचायला आणि कुशीवर झोपायला ही रचना छान. रात्री उठावं लागलं तर माथ्यावरची जोडणी सोडून, मास्क तसाच ठेवून, चष्मा घालून जाता येतं. पण या गालावरच्या नळ्या कानापुढून वर जातात आणि चष्म्याची काडी त्यांच्यावरून जाते, त्यामुळे फ्रेम थोडी फाकते. डोकं रुंद असेल आणि फ्रेम आधीच आवळ असेल तर कानामागे दुखतं, आणि वर नळीही दबते. अशांना पी10 किंवा एन30 सारखा बारीक पट्ट्याचा, पुढे नळी असलेला मास्क जास्त मानवतो. कानामागचं श्रवणयंत्र असेल तर हे सगळं त्याच्यासह तपासावं.

आता लावण्याचा क्रम. आधी मास्क, मग चष्मा, आणि काडी नेहमी पट्ट्याच्या वरून. उलट केलं, म्हणजे चष्म्यावरून पट्टा घेतला, तर पट्टा कडक काडीला कवटीवर दाबतो आणि थोड्या वेळात कानशील ठणकायला लागतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे काडीमुळे पट्टा त्वचेपासून किंचित दूर राहतो. चष्मा घातलेला असताना पट्टे जुळवले आणि दिवा मालवताना चष्मा काढला, की तेवढी ढील उरते आणि तिथूनच गळती सुरू होते. म्हणून पट्ट्यांची जुळणी चष्मा काढून, उशीवर आडवं होऊनच करावी. एकदा जुळलं की त्यांना हात लावायचा नाही. मास्क काढा-घालायला क्लिप किंवा हेडगिअरची (डोक्यावरच्या पट्ट्यांची) मागची बाजू वापरा.

आडवं होऊन, हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. बसल्या बसल्या चेहऱ्याची ठेवण वेगळी असते. आडवं झाल्यावर गाल बाजूला ओघळतात, जबडा मागे जातो, उशी पट्ट्याला सरकवते. शिवाय वाचताना मशीन बहुधा रॅम्पवर, म्हणजे कमी दाबावर चालू असतं. 5 सेंटिमीटरवर झकास बसलेला मास्क 12 वर पोहोचला की सळसळू लागतो, आणि तोवर तुम्ही झोपलेले असता. बऱ्याच मशीनमध्ये मास्क फिट तपासण्याची सोय असते. ती थोडा वेळ रात्रीच्या दाबाजवळची हवा देते. ती चालू करून उताणं, डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर असं पडून बघा. गळती दिसली की पट्टे आवळायची घाई नको. आधी मास्क चेहऱ्यापासून हलकेच उचलून पुन्हा टेकवा, म्हणजे कुशनमध्ये हवा भरून ते नीट फुलेल. पुष्कळ कुशनला दुहेरी पातळ पडदा असतो आणि तो हवेने फुगूनच चेहऱ्याला चिकटतो. करकचून आवळलं की तो चपटा होतो आणि गळती उलट वाढते.

काचांवर वाफ का धरते याचं कारण शोधताना दोन गोष्टींत फरक करा. प्रत्येक मास्कला बारीक छिद्रांची किंवा जाळीची जागा असते, तिथून उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो. हा प्रवाह सतत चालू असतो आणि असायलाच हवा. काचा स्वच्छ राहाव्यात म्हणून ही छिद्रं टेपने झाकणारे लोक आहेत. कृपा करून असं कधीही करू नका, सोडलेलीच हवा पुन्हा आत घेतली जाते. कुशनच्या कडेतून निसटणारी हवा ही वेगळी गोष्ट, आणि तिचाच बंदोबस्त करायचा. ओळखायचं कसं? बोटं थोडी ओली करून कुशनच्या वरच्या कडेभोवती फिरवा, गार झुळूक लागली की जागा सापडली. कडेला काहीच नसेल आणि तरी वाफ धरत असेल, तर पुस्तक किंवा फोन कुठे धरलाय ते बघा. छातीजवळ उभं धरलेलं पुस्तक छिद्रांतून येणाऱ्या हवेला वर, थेट काचांवर परतवतं. तोंडापर्यंत ओढलेलं पांघरूणही तेच करतं. पुस्तक थोडं लांब धरलं की काम होतं. वाचनाच्या वेळेपुरता ह्युमिडिफायर एखाद्या पायरीने कमी करून बघायलाही हरकत नाही, फक्त त्यामुळे नाक कोरडं पडत नाही ना एवढं पाहा.

आणि चष्मा? मास्क उत्तम चालत असेल तर मी मास्क बदलण्याऐवजी वाचनासाठी वेगळा चष्मा करण्याच्या बाजूचा आहे. हलकी फ्रेम, बारीक लवचिक काड्या, वळवता येणारे नोजपॅड. जाड प्लास्टिकच्या काड्या आणि दोन काचांमधला घट्ट प्लास्टिकचा पूल मास्कबरोबर त्रास देतात. प्रोग्रेसिव्ह काचा अंथरुणात वाचायला गैरसोयीच्याच: जवळचं दिसण्याचा भाग खाली असतो, उशीवर डोकं टेकल्यावर तिथून बघायला हनुवटी वर करावी लागते, आणि हनुवटी हलली की कुशनही हलतं. त्यापेक्षा फक्त जवळच्या नंबरचा साधा चष्मा बरा. उणे नंबर असलेल्यांनी आणखी एक गोष्ट करून बघावी. उणे 3 नंबरच्या डोळ्याला चष्म्याशिवाय साधारण 33 सेंटिमीटरवरचं स्पष्ट दिसतं, म्हणजे पुस्तक धरण्याचंच अंतर. सिलिंडरचा नंबर मोठा नसेल तर अशा माणसाला अंथरुणात वाचायला चष्मा लागतच नाही. उणे 6 ला हे अंतर 16-17 सेंटिमीटरवर येतं, तेवढ्या जवळून वाचणं काही सुखाचं नाही. कॉन्टॅक्ट लेन्स हा पर्याय मी सुचवत नाही. लेन्स घालून झोपणं डोळ्यांना धोक्याचंच, त्यात मास्कची हवा डोळ्यांवर आली तर कोरडेपणाही वाढतो.

डोळ्यांचा विषय निघालाच आहे तर एवढं लक्षात ठेवा. सकाळी डोळे लाल, चुरचुरते, चिकट वाटत असतील तर ते बहुधा वरच्या कडेच्या गळतीचं लक्षण असतं. पण नाकाखालचा मास्क असूनही डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात बुडबुडा आल्यासारखं वाटत असेल, तर हवा अश्रुनलिकेतून उलटी वर येत असू शकते. अश्रुनलिकेची शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये हे जास्त दिसतं. अशा वेळी मास्क आवळून उपयोग नसतो. डॉक्टरांना सांगून दाबाचा विचार करावा लागतो आणि डोळेही दाखवावे लागतात. काचबिंदू असेल तर सीपॅप चालू असल्याचं नेत्रतज्ज्ञांना आवर्जून सांगा. नाकाच्या दांड्यावर दिवसभर नोजपॅड आणि रात्रभर कुशन असेल तर ती त्वचा सतत दबलेली राहते. सकाळचा लाल वळ अर्ध्या तासात गेला नाही, किंवा त्वचा सोलवटली, तर काही दिवस दांडा मोकळा ठेवणारा मास्क लावणं हाच उपाय.

चुंबकाबद्दल मी इथे कडक आहे. एफ30, एफ30आय, ड्रीमवेअर फुल फेस, अमारा व्ह्यू अशा अनेक मास्कच्या खालच्या पट्ट्यांना चुंबकाच्या क्लिप येतात. अंधारात, चष्म्याशिवाय लावायला त्या फार सोयीच्या. पण 2022 मध्ये फिलिप्सने आणि 2023 मध्ये रेसमेडने आपल्या चुंबकाच्या मास्कबद्दल सुरक्षेच्या सूचना जाहीर केल्या. पेसमेकर, छातीतलं डिफिब्रिलेटर, मेंदूतली धातूची क्लिप किंवा शंट, कॉक्लिअर इम्प्लांट, डोळ्यात धातूचा कण अशा गोष्टी असलेल्या माणसाने हे मास्क वापरू नयेत, आणि शेजारी झोपणाऱ्यालाही असं उपकरण असेल तर तेही विचारात घ्यावं. निदान 15 सेंटिमीटर अंतर हवं असं सांगितलं जातं. मिठीत झोपणाऱ्या जोडप्याला ते पाळता येत नाही. शरीरात कुठलंही धातूचं उपकरण असेल तर चुंबक नसलेला मास्क मागा.

नवा मास्क आला की मशीनच्या सेटिंगमध्ये मास्कचा प्रकारही बदला: पिलो, नेझल, फुल फेस. छिद्रांतून बाहेर जाणारी हवा प्रत्येक प्रकारात वेगळी असते, मशीन त्याप्रमाणे हिशेब करतं. हे राहून गेलं तर गळतीचे आकडे दिशाभूल करतात. रेसमेडच्या मशीनवर नको असलेली गळती मिनिटाला 24 लिटरच्या आत असावी असं धरतात. इतर कंपन्यांच्या मशीनवर छिद्रांची हवा धरून आकडा येऊ शकतो, म्हणून दोन वेगळ्या मशीनची तुलना करू नका. वाचतानाचा वेळही वापराच्या तासांत मोजला जातो, तेव्हा ‘सहा तास वापर’ म्हणजे सहा तास झोप असं नसतं. जागेपणी पान उलटताना रोखलेला श्वासही कधी कधी श्वास थांबल्याची घटना म्हणून नोंदवला जातो. रोज तासभर मास्क लावून वाचत असाल तर हे डॉक्टरांना सांगून ठेवा, म्हणजे एएचआय (तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा मंदावला तो आकडा) वाचताना ते त्याची दखल घेतील.

प्रश्नातल्या माणसाने काय करावं? आधी नाकाने श्वास चालतो का ते तपासून घ्यावं. चालत असेल तर डॉक्टरांच्या संमतीने पिलो आणि क्रेडल दोन्ही, स्वतःचा चष्मा सोबत नेऊन, आडवं पडून लावून बघावेत आणि जो चेहऱ्यावर आहे हेच विसरायला होतं तो घ्यावा. नाक साथ देत नसेल तर नाकाखालचा फुल फेस, दोन मापांत. पहिला आठवडा रोज सकाळी गळतीचा आकडा बघावा. एएचआय 5 च्या खाली आणि गळती मर्यादेत राहिली तर मास्क जमला. दोन्हींपैकी एक जरी वर चढत गेलं, तर जुना मास्क पुन्हा लावावा आणि वाचनाचा चष्मा वेगळा करून घ्यावा. हे मशीन सीपॅप नसून श्वसनाच्या गंभीर आजारासाठी दिलेलं बायपॅप (श्वास घेताना आणि सोडताना वेगवेगळा दाब देणारं मशीन) असेल, तर यातला कुठलाही बदल घरच्या घरी करू नये. मास्कचा प्रकार बदलला की तिथे सेटिंग पुन्हा तपासावी लागते.